सोळा रंगांत भिंत काढायला शिकताना

पिक्सेल आर्ट शिकणाऱ्या मुलांशी ठाण्यात माझं नेहमी बोलणं होतं. कोणी बारावीनंतर अप्लाइड आर्टकडे वळलेलं असतं, कोणी इंजिनिअरिंग करता करता रात्री माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) खेळासाठी रिसोर्स पॅक, म्हणजे खेळाचं रूप बदलणाऱ्या चित्रांचा संच, बनवत असतं. ती मला ब्लॉक दाखवतात. पडद्याच्या मधोमध मोठा केलेला एकच दगड, सुबक, उजेड-सावलीसकट. मी सगळ्यांना तेच सांगते, की हा दगड शंभर वेळा शेजारी-शेजारी लावून मला दाखव. तो चिमुकला चौकोन खेळात कधीच एकटा दिसत नाही. त्याची भिंत होते, डोंगर होतो, भुयार होतं. आपण काढत असतो ती ही भिंत, आणि कमी रंगांचं पॅलेट, म्हणजे ठरवून घेतलेला रंगसंच, का घ्यायचं, कसं घ्यायचं हे सगळं त्यातूनच ठरतं.

आधी आकार समजून घ्या. माइनक्राफ्टचं मूळ टेक्श्चर, म्हणजे ब्लॉकच्या बाजूवरचं चित्र, १६ बाय १६, म्हणजे २५६ पिक्सेलचं असतं. खेळात ब्लॉकची बाजू एक मीटर धरतात, म्हणजे एक पिक्सेल सव्वासहा सेंटिमीटरचा झाला. एवढ्या मोठ्या ठिपक्यात वाळूचा कण दाखवता येत नाही, लाकडाची रेषही येत नाही. वाळूचा मऊपणा आणि लाकडाची दिशा मात्र दाखवता येते. हे मनात पक्कं बसलं की हात आपोआप कमी रेघोट्या मारतो.

कमी रंगांची ही पद्धत यंत्रांच्या अडचणीतून आली. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग बसायचे. १९८९च्या गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावर एकूण छटाच चार होत्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, पिवळ्या कॅसेटचे जे व्हिडिओ गेम घरोघरी होते, ते बहुतेक निन्टेंडोच्या एनईएस या खेळयंत्राच्या नकला होत्या. त्या एनईएसचा नियम शिकणाऱ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. पार्श्वभूमीच्या १६ बाय १६ पिक्सेलच्या प्रत्येक तुकड्याला चार पॅलेटपैकी एक निवडावं लागे. प्रत्येक पॅलेटमध्ये स्वतःचे तीन रंग आणि चौथा सगळ्यांचा सामाईक. म्हणजे अख्ख्या पार्श्वभूमीला १३ रंग. तुकड्याचा आकार नेमका आपल्या ब्लॉकएवढाच आहे, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा उचलता येतो. पहिला पॅक याच नियमाने करा: दगडाचं एक पॅलेट, मातीचं एक, झाडांचं एक, पाण्याचं एक, आणि सगळ्यांत मिसळणारा एक गडद रंग. इतकी कडक शिस्त पुढे लागत नाही, पण ती एकदा हातात मुरली की रंग वाया घालवायची सवय जाते.

त्यानंतर सोळा रंगांवर या. लोस्पेकसारख्या वेबसाइटवर तयार पॅलेटं ढिगाने मिळतात. पिको-८ या छोट्या खेळांच्या सॉफ्टवेअरचे सोळा रंग किंवा डॉनब्रिंगर या पिक्सेल कलाकाराचं सोळाचं पॅलेट घेऊन सराव करणं उत्तम. पण एक पॅलेट स्वतः बांधाच, आणि ते आपल्या आजूबाजूला बघून बांधा. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पारसिकची डोंगररांग दिसते. जिथे दगड काढलेला आहे तिथे कातळ उघडा पडलेला असतो. हा दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सगळे त्याला काळा म्हणतात. मे महिन्यात दुपारी बघा, तो करडा-तपकिरी असतो. जुलैत भिजला की निळसर शाईकडे झुकतो. सावलीतल्या खाचा आणखी निळ्या दिसतात आणि उन्हाचा कडा पिवळट. एकाच राखाडी रंगात पांढरा-काळा मिसळून केलेल्या छटा मेल्यासारख्या का दिसतात, हे तिथे उभं राहिलं की कळतं. उजेड वाढतो तसा रंगही सरकतो. पिक्सेल आर्टवाले याला ह्यू शिफ्ट म्हणतात.

माझ्या दगडाच्या चार छटा सांगते, लाल-हिरवा-निळा या क्रमाने, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला: ३२, २८, ४४; मग ६०, ६२, ७८; मग ९६, १००, १०८; आणि शेवटी १४४, १४४, १३६. गडद टोकाला निळा पुढे आहे. वर चढताना तो मागे पडतो आणि शेवटच्या छटेत पिवळटपणा येतो. पहिली छटा दगडापुरती ठेवू नका. लाकडाच्या फटीत, पानांच्या पोटात, विटेच्या खालच्या कडेला, सगळीकडे तीच वापरा. निव्वळ काळा रंग लागत नाही आणि वेगवेगळे ब्लॉक एकाच उजेडात उभे असल्यासारखे दिसतात.

उरलेले बारा रंग मी साधारण असे वाटते: माती, लाकूड आणि वाळू मिळून चार, हिरवे तीन, पाणी-आकाशाला दोन, जवळपास पांढरा एक, आणि दोन ठसठशीत. माती-लाकडाच्या चौकडीत खरा खेळ आहे. वाळूची सावली म्हणजेच फळीचा उजेड, फळीची सावली म्हणजेच मातीचा मधला रंग. एक रंग दोन ठिकाणी कामाला लावता आला की सोळा रंग पंचवीस असल्यासारखे वाटायला लागतात. खाडीकाठच्या तिवरांकडे ओहोटीला बघा. चिखलाचा करडा आणि खोडांचा करडा जवळजवळ एकच असतो, तरी डोळा दोन्ही वेगळे ओळखतो, कारण पोत वेगळा आहे. ठसठशीत दोन रंग मात्र जपून ठेवा. खाडीत फ्लेमिंगो उतरतात तेव्हा सगळ्या करड्या-हिरव्यात तो गुलाबी लांबून दिसतो, कारण आजूबाजूला दुसरीकडे कुठेच तो नसतो. पॅकमध्येही तो रंग दुर्मीळ वस्तूंसाठीच ठेवा.

संगणकालाच पॅलेट काढायला लावायची सोयही आहे. गिंप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून इमेज, मोड, इंडेक्स्ड असं केलं आणि रंगांची कमाल संख्या सोळा दिली की तो सोळा रंग निवडून देतो. रंगांचा अंदाज यायला हे ठीक आहे. पण यंत्र फोटोत जे जास्त जागा व्यापतं त्याला जास्त रंग देतं. फोटोत आभाळ मोठं असेल तर सोळातले पाच-सहा निळेच येतात. निवड शेवटी आपल्याच हाताने करायची.

आता जे शिकवण्यांमध्ये क्वचितच सांगतात ते. तुमचं पॅलेट खेळात गेल्यावर तसंच राहत नाही. माइनक्राफ्ट ब्लॉकच्या प्रत्येक बाजूचा उजेड वेगळा धरतं: वरची बाजू पूर्ण, उत्तर-दक्षिण ८० टक्के, पूर्व-पश्चिम ६० टक्के, तळ ५० टक्के. माझ्या दगडाची दुसरी छटा ६० टक्क्यांवर नेली तर ती ३६, ३७, ४७ होते, म्हणजे जवळजवळ पहिल्याच छटेजवळ येऊन बसते. याचा अर्थ, शेजारच्या दोन छटांमधलं अंतर एवढं हवं की पूर्वेकडच्या भिंतीवरही खाच खाच दिसेल आणि पश्चिमेची भिंत नुसता काळा ठोकळा होणार नाही. म्हणून छटा ठरवताना कॅनव्हासवर भरवसा ठेवू नका. चार छटांचा कच्चा ब्लॉक करा, खेळात एक खोली बांधा, दिवस-रात्र आणि मशालीच्या उजेडात तिच्यात फिरा, मगच पॅलेट कायम करा.

अंतरानेही असंच होतं. दूरचा ब्लॉक दाखवताना खेळ टेक्श्चर लहान करून शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतो. लांबून दिसते ती ही सरासरी. दगड आणि माती यांची सरासरी सारखी आली तर शंभर ब्लॉकांवरून डोंगर आणि शेत यात फरक उरत नाही. प्रत्येक टेक्श्चर एका पिक्सेलएवढं लहान करून सगळे ठिपके ओळीत मांडा. त्या ओळीत कोणता ब्लॉक कोणता हे ओळखू आलं पाहिजे.

डिदरिंगबद्दल नवशिक्यांना फार ओढ असते, कारण जुन्या खेळांची आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. दोन रंग बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून ठेवून तिसऱ्याचा भास करायचा. स्थिर चित्रात ते देखणं दिसतं. मोठ्या भिंतीवर, चालत्या कॅमेऱ्यात, तेच लुकलुकतं आणि डोळ्याला टोचतं. मी ते पाणी, धुकट काच, लोकर अशा मोजक्या जागी ठेवते. बाकी ठिकाणी दोन-तीन पिक्सेलचे एकसंध पुंजके बरे. एकटा पडलेला पिक्सेल दिसला की विचारा, तो इथे कशासाठी आहे? उत्तर नसेल तर पुसा.

पुनरावृत्ती लपवणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग. सोळाच्या चौकोनात एक ठळक डाग ठेवला की भिंतीवर त्याच डागांची रांग उभी राहते. डाग काढायचे तर एकाच वजनाचे तीन-चार, वेगवेगळ्या अंतरावर. कडेला काय होतं ते बघायला चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोयी आहेत: एसप्राइटमध्ये टाइल्ड मोड आहे, क्रितामध्ये डब्ल्यू दाबलं की चित्र चहूबाजूंनी गुंडाळलं जातं, गिंपमध्ये ऑफसेटने चित्र निम्म्याने सरकवून मधोमध आलेला सांधा दुरुस्त करता येतो.

वीट हा यासाठी उत्तम धडा आहे. चार पिक्सेलचा एक थर घ्या, तीन विटेला आणि एक सांध्याला. लांबी आठ, त्यात सात वीट आणि एक सांधा. दर दुसरा थर चार पिक्सेलने सरकवा. सोळात असे चार थर बसतात. चार ही सम संख्या असल्याने वरचा ब्लॉक खालच्यावर ठेवला तरी सरकण्याचा क्रम तुटत नाही. पाच पिक्सेलचा थर घेतला तर हिशेब जुळत नाही. खरी वीट वीसेक सेंटिमीटरची असते, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. आपली वीट त्याच्या दुपटीहून लांब झाली, तरी खेळात ती वीटच वाटते. इथे मापापेक्षा लय महत्त्वाची.

खनिजांचे ब्लॉक काढताना फक्त रंगावर विसंबू नका. माइनक्राफ्टने २०२१मध्ये १.१७ आवृत्तीत खनिजांचे आकार वेगवेगळे केले, रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांना ते कळावेत म्हणून. सोळा रंगांच्या पॅकमध्ये तर हे हवंच, कारण तांबं आणि लोखंड यांना तुम्ही कदाचित तेच दोन रंग देणार आहात. कोळशाला गोळे, लोखंडाला आडवे पट्टे, सोन्याला टोकदार चकत्या, असं काहीतरी ठरवा आणि चित्र राखाडी करून तपासा.

गवत पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळात टाकतं. जावा आवृत्तीत गवताचा वरचा भाग आणि बहुतेक पानं राखाडी असतात आणि प्रदेशानुसार खेळ त्यावर हिरवा चढवतो. तो हिरवा कलरमॅप नावाच्या २५६ बाय २५६च्या चित्रांतून येतो, गवताचं वेगळं आणि पानांचं वेगळं. तुमचे तीनच हिरवे टिकवायचे असतील तर ही चित्रंही तुमच्या हिरव्याने भरून पॅकमध्ये द्यावी लागतात. बर्च आणि स्प्रूस या झाडांच्या पानांचा रंग मात्र कोडमध्येच ठरलेला आहे. तो धरूनच त्यांची राखाडी छटा निवडा. जुन्या व्हिडिओंवरून शिकत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: २०१८च्या १.१३ आवृत्तीपासून टेक्श्चरच्या फोल्डरचं नाव 'ब्लॉक्स'चं 'ब्लॉक' झालं. टेक्श्चर दिसत नसेल तर आधी हे तपासा, मग फाइलच्या नावाचं स्पेलिंग.

खेळ विकत घेणं शक्य नसेल तर लुआंटी घ्या, तेही असंच ब्लॉकांचं जग. २०१०पासूनचा हा मुक्त प्रकल्प आहे, २०२४पर्यंत त्याचं नाव मिनटेस्ट होतं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि टेक्श्चर पॅक म्हणजे योग्य नावांच्या पीएनजी फाइलींचं साधं फोल्डर. चित्रं काढायला लिब्रेस्प्राइट किंवा पिक्सेलोरामा पुरेसं आहे, दोन्ही मोफत. पेन टॅबलेटसाठी घरच्यांकडे हट्ट करू नका. या कामाला माउस चांगला.

घरचे विचारतात, याचं पुढे काय? नुसत्या ब्लॉक-टेक्श्चरवर नोकरी मिळणं कठीण, हे स्पष्ट सांगते. पण मोबाइल गेमचे आयकॉन, टाइलसेट, इंटरफेस, थ्रीडी मॉडेलची टेक्श्चर यांना हीच नजर लागते, आणि स्टुडिओंना ती असलेली मुलं हवी असतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली असेल तर संकल्पचित्राच्या पेपरासाठी शिकलेली रंगसंगती इथे थेट कामाला येते. उष्ण-शीत, समीप, विरोधी, तेच शब्द आणि तोच विचार. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करायची असेल तर राज्याच्या सीईटी कक्षाच्या एएसी सीईटी या प्रवेशपरीक्षेचा अर्ज वेळेत भरा. त्यातही मुख्यतः हाताने चित्र काढणं तपासतात, म्हणून वही सोडू नका.

पोर्टफोलिओत शंभर सुटे ब्लॉक टाकू नका. वीस-पंचवीस ब्लॉकांचा एकच पूर्ण संच ठेवा आणि त्यातून बांधलेली एक जागा दाखवा. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीसारखी उतरत्या छपरांची बैठी घरं, तलावाची पायरी, चाळीचा जिना, जे रोज बघता ते. दिवसाचं एक, रात्रीचं एक चित्र. सोबत पॅलेटची पट्टी आणि कोणता रंग किती ब्लॉकांत वापरला याचा तक्ता. पोर्टफोलिओ बघताना मी सगळ्यात आधी हा तक्ता वाचते, कारण त्यातून मुलाने विचार कसा केला ते दिसतं.

आणि दुसऱ्याचं टेक्श्चर रंग बदलून आपलं म्हणू नका. माइनक्राफ्टची मूळ चित्रं कंपनीची आहेत. लुआंटीच्या जगात बरंच काम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतं, पण तिथेही मूळ कलाकाराचं नाव द्यावं लागतं आणि काही परवान्यांत बदललेलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. पॅक लोकांसमोर ठेवण्यापूर्वी परवान्याची फाइल त्यात टाका, आणि कोणाचं पॅलेट वापरलं असेल तर त्याचंही नाव लिहा.