कमांडर कीन खेळताना स्क्रीन आडवी होत होती, असं जमवलं

नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर निघायची सोयच नाही, म्हणून भाच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुने डॉसचे गेम चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून कमांडर कीनचा पहिला भाग लावून दिला. १९९० चा गेम, आठ वर्षांचा बिली घरीच बनवलेलं रॉकेट घेऊन मंगळावर जातो तोच. तेव्हाच्या पीसीवर असं सरकत जाणारं चित्र म्हणजे लय भारी काम होतं, गेमचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने पडद्याचा बदललेला तुकडाच तेवढा पुन्हा काढायची युक्ती केली होती.

पण पोट्टा गोळी मारायला गेला की अख्खी स्क्रीनच आडवी! "मामा, हे काहून असं होते?" झालं असं की यात उडी कंट्रोलवर, पोगो स्टिक (उंच उड्या मारायची काठी) अल्टवर, आणि दोन्ही सोबत दाबलं की गोळी, वरून चालायला बाण दाबलेलाच असतो, आणि कंट्रोल अल्ट बाण हा नेमका ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्क्रीन फिरवायचा शॉर्टकट निघाला.

डेस्कटॉपवर राइट क्लिक, ग्राफिक्स ऑप्शन्स, त्यात हॉट कीज डिसेबल केलं, आडवं होणं बंद. तरी मी कंट्रोल एफ१ दाबून डॉसबॉक्सचा मॅपर, म्हणजे बटणं बदलायची खिडकी, उघडली, चित्रातल्या डाव्या कंट्रोलवर क्लिक, अ‍ॅड, मग झेड, तसंच डाव्या अल्टला एक्स, आणि सेव्ह. सेव्ह विसरू नका बरं, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच. गेम अडखळत असेल तर कंट्रोल एफ१२ ने सायकल्स (म्हणजे डॉसबॉक्सचा वेग) वाढवा, कंट्रोल एफ११ ने कमी.