मावठ्यात पाठीवर चिखलाची रेघ नको असेल तर

इंदुरात डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडून गेला की मोटरसायकलवरून राजवाड्यापर्यंत पोहोचेतो स्वेटरवर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटते. वर गार वारा, म्हणजे हुडहुडी ठरलेली. कारण बहुतेकदा एकच: दिसायला छान म्हणून मागचा लांब मडगार्ड काढून टाकलेला. मूळ मडगार्ड परत बसवा, त्याला तोड नाही.

तो मिळत नसेल तर आहे त्याच्या खालच्या कडेला जाड रबराची पट्टी लावा, टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी 2-3 सेंटिमीटर रुंद. चाकाच्या आसाच्या उंचीला पाणी सरळ वर उडतं, त्यामुळे पट्टी निदान तिथवर उतरली पाहिजे. जुन्या ट्यूबचा तुकडा नको, वेगात तो फडफडतो. बोल्टचं गोल डोकं टायरकडे, वायसर आणि लॉक नट बाहेर. मग दोघांना गाडीवर बसवून मागून जोरात दाबून बघा. रबर टायरला घासता कामा नये. नंबरप्लेट, रिफ्लेक्टर झाकू नका. आणि साडीगार्ड काढूच नका, मागे बसणाऱ्या ताई-काकूंचा पदर त्यानेच वाचतो.