मूत्राशयाच्या सवयी आणि श्रोणीतळाचे व्यायाम
‘पुन्हा वेळ मिळेल न मिळेल’ म्हणून गरज नसताना लघवीला जाण्याची सवय मूत्राशयाला थोड्याशा साठ्यावरही घाई करायला शिकवते. त्यामुळे दिवसा साधारण ३ ते ४ तासांचे अंतर ठेवावे, मात्र पाणी कमी करू नये.

श्रोणीतळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या स्नायूंच्या, व्यायामासाठी लघवी व वायू रोखताना आवळले जाणारे स्नायू, श्वास न रोखता आणि मांड्या सैल ठेवून, सुमारे ५ सेकंद आत-वर ओढून धरावेत व तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून ३ दा करावे. सैल सोडणे हे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, याकडे कृपया दुर्लक्ष करू नये. लघवी मध्येच थांबवून सराव करणे टाळावे. फरक जाणवण्यास सहसा काही महिने लागतात. लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना त्वरित भेटावे.