फ्री रनिंगवर शॉर्ट फिल्म करताय? आमच्या या चुका टाळा

फ्री रनिंग म्हणजे भिंती, कठडे, जिने यांवरून धावत, उड्या मारत जाण्याची कला. त्यावरच्या आमच्या फिल्मचा पहिला कट, म्हणजे एडिट केलेली पहिली प्रत, आम्ही बेलापूरला एका मित्राच्या घरी टीव्हीवर लावला. सात मिनिटांची फिल्म, सव्वीस उड्या. संपल्यावर ज्याच्यावर ती केली होती तो पोरगा म्हणाला, "दादा, भारी झालंय. पण यात मी पळतोय कुठे?"

खरंच कुठेच पळत नव्हता. नाव फ्री रनिंग आणि रनिंगच कापलेलं.

हवेतला कट

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. पाय भिंतीवरून सुटला की कट, हवेत दुसरा अँगल, तिसऱ्या शॉटमध्ये तो पलीकडे उभा. एडिट करताना वाटतं, काय वेग आलाय! पण लोकांनी आयुष्यभर सिनेमातली मारामारी पाहिलेली असते. हवेत कट आला की खाली गादी होती, हे ते गृहीत धरतात. पोराने खरोखर मारलेली उडी तुम्हीच खोटी करून ठेवता.

उडीआधीची तीन-चार पावलं, उडी, उतरणं आणि त्यानंतरची दोन पावलं एकाच शॉटमध्ये ठेवा. शेवटची पावलं तो कशी आखडती घेतो, उतरल्यावर तोच जोर पुढच्या पावलात कसा नेतो, कला तिथे आहे. कट हवाच असेल तर पाय जमिनीवर दाबला जातो त्या क्षणी मारा, आणि धावण्याची दिशा तीच ठेवा. आधीच्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे गेलेला माणूस पुढच्या शॉटमध्ये उलटा आला, की तो घरी परत निघाल्यासारखा दिसतो.

स्लो मोशनचा मोह

सपाटीवरच्या उडीत माणूस जेमतेम अर्धा सेकंद हवेत असतो. सेकंदाला १०० फ्रेम्सने शूट करून २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की त्याचे दोन सेकंद होतात. अख्ख्या फिल्ममध्ये एक-दोनदा ठीक. दर उडीला केलं तर माणूस तरंगतोय असं वाटतं, त्याचं वजनच जातं.

फुटेजवर पट्टे सरकताना दिसत असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. स्टेशनखालच्या सबवेत किंवा पार्किंगमध्ये ५० फ्रेम्स आणि १/१०० शटर ठेवा. दुपारच्या उन्हात उलटी अडचण: फोन आपणहून शटर इतकं वाढवतो की धावणं तुटक दिसतं. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, नाहीतर सकाळी सातला या.

जमिनीवर ठेवलेला कॅमेरा

वाइड लेन्स, कॅमेरा जमिनीला टेकवलेला, आणि चार फुटांची भिंत दुमजली. पहिल्यांदा मजा येते. पण समोरून घेतलेल्या शॉटमध्ये दोन भिंतींमधलं अंतर नाहीसं होतं, आणि उडी तर त्या अंतराचीच असते. बाजूने, छातीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून एक साधा शॉट घ्याच. आमच्याकडे तो एकच होता आणि शेवटी तोच कामी आला.

'धप्प'

मी प्रत्येक उतरण्याला दणदणीत 'धप्प' जोडला होता. पोरगा हसायलाच लागला. "असा आवाज आला तर दोन दिवस मला चालता येणार नाही." या लोकांमध्ये आवाज न करता उतरणं हीच कसबाची खूण. बुटाच्या तळव्याची खरखर, श्वास, हात भिंतीला घासल्याचा आवाज वेगळा, जवळून रेकॉर्ड करून ठेवा. त्यावर ढोल-ताशा नको.

निवेदनात पार्कूर आणि फ्री रनिंग एकच म्हणून मोकळे होऊ नका. पार्कूर पॅरिसजवळच्या लीस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांच्या सरावातून घडलं. डेव्हिडचे वडील पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. पार्कूरमध्ये भर अडथळा पटकन पार करण्यावर. 'फ्री रनिंग' हा शब्द रूढ झाला २००३ च्या 'जम्प लंडन' या माहितीपटामुळे. त्यातल्या सेबास्तियां फुकांने स्वतःच्या अभिव्यक्तीवर भर दिला. फिल्म 'कला' म्हणून करायची तर हा फरक तुमच्या कामाचा आहे.

परवानगीचं थोडक्यात: सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र खिशात ठेवा. वॉचमनकाकांना आदल्या दिवशीच भेटा, चहा पाजा.

"एकदा परत, प्लीज"

हे वाक्य मी एका उडीसाठी नऊ वेळा म्हणालो. पोरगा नाही म्हणाला नाही, पण सहाव्या टेकनंतर तो उतरताना हात टेकायला लागला होता आणि मी व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बघत होतो. मोठी उडी अंग गरम झाल्यावर लगेच घ्या, दिवसाच्या शेवटी नाही. दोन कॅमेरे लावा. टेक किती, हे त्याला ठरवू द्या.

आणि तो तयारी करत असताना कॅमेरा बंद करू नका. आमचा पोरगा मल्लखांबातून आलेला. उडीआधी टाच आपटून भिंतीचं प्लास्टर पोकळ आहे का बघायचा, शेवाळ नखाने खरवडायचा, तळवे पँटला पुसायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. असं चाळीसेक सेकंदांचं फुटेज माझ्याकडे होतं. कार्डात जागा हवी म्हणून मी ते तिथल्या तिथे उडवलं. नव्या कटची सुरुवात त्यानेच करायची ठरल्यावर एक अख्खा रविवार त्याच भिंतीपाशी पुन्हा गेला.