भूजल गुणवत्तेचा नकाशा काढताय? या चुका टाळा

प्रबंध असो, सरकारी अहवाल असो की एखाद्या संस्थेचा गावोगावचा पाणी-सर्व्हे, भूजलाच्या कामाचा शेवट हल्ली ठरलेला असतो. हिरवा-पिवळा-लाल नकाशा, सोबत सहसंबंधाचा तक्ता आणि एक 'जल गुणवत्ता निर्देशांक'. नकाशे काढायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक्सेल सगळ्यांना येतं, त्यामुळे हे सगळं झटपट उभंही राहतं. पण सॉफ्टवेअर हाती येईल तो आकडा पोटात घालतं आणि चुकीच्या आकड्यालाही तितकाच सुबक रंग देतं. बहुतेक चुका नकाशा उघडण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

उदाहरणं पश्चिम विदर्भातली घेतो. तिथे दोन अगदी वेगळे प्रश्न जवळजवळ आहेत: अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णा नदीकाठचा, खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा आणि यवतमाळच्या पांढरकवडा, झरी-जामणी भागातलं फ्लोराइड.

बाटलीतच बिघडलेला नमुना

बोअर सुरू केल्या केल्या पहिल्याच धारेखाली बाटली धरायची नाही. ते केसिंगमध्ये (बोअरमधल्या पाइपात) साचून राहिलेलं पाणी असतं, खडकातलं नव्हे. ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि तापमान स्थिर होईपर्यंत उपसू द्या, मग नमुना घ्या. पीएच, ईसी आणि जमलं तर अल्कलिनिटी (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) जागेवरच मोजा. प्रयोगशाळेत आठवड्याने मोजलेला पीएच हा बाटलीचा पीएच असतो.

धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, हे बरोबर. पण त्याच बाटलीतून नायट्रेट मोजलेलं पाहण्यात येतं! मग विहिरीत नसलेलं नायट्रेट अहवालात उगवतं आणि त्याचं खापर शेतकऱ्याच्या युरियावर फुटतं. आम्ल घातलेली आणि न घातलेली, अशा दोन बाटल्या वेगळ्या ठेवा आणि दोन्हींवर तसं लिहा. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नका, प्लास्टिकची घ्या.

विहीर आणि बोअर एकाच यादीत मिसळणं ही त्याहून मोठी चूक. दहा मीटरची उघडी विहीर मुरमातलं, यंदाच्या पावसाचं पाणी देते. शेजारची शंभर मीटरची बोअर खालच्या भेगेतलं जुनं पाणी देते. दोघींमध्ये अंतर वीस पावलांचं असलं तरी पाणी दोन वेगवेगळ्या ठिकाणचं आहे. तक्त्यात 'स्रोताचा प्रकार' आणि 'खोली' हे रकाने नसतील तर पुढच्या सगळ्या विश्लेषणाला अर्थ उरत नाही.

आयन ताळा न करता पुढे जाणं

मला एकच तपासणी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. पाण्यात धन आणि ऋण आयनांचा भार सारखा असावाच लागतो. प्रत्येक आकडा मि.ग्रॅ. प्रति लिटरमधून मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आणायचा (म्हणजे त्या आयनाच्या तुल्यभाराने, अणु- किंवा रेणुभार भागिले विद्युतभार याने, भागायचा), दोन्ही बाजूंच्या बेरजा करायच्या, फरकाला एकूण बेरजेने भागून शंभराने गुणायचं. उत्तर अधिक-उणे ५ टक्क्यांत आलं तर ठीक. १० च्या वर गेलं तर तो नमुना बाजूला काढा.

एक नमुना करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण फ्लोराइडच्या पट्ट्यात असंच पाणी भेटतं. कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १७, सोडियम ११०, पोटॅशियम २. भागाकार केला की अनुक्रमे १.००, १.४०, ४.७८ आणि ०.०५, बेरीज ७.२३. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ३१५, क्लोराइड ४०, सल्फेट ३०, नायट्रेट १० आणि फ्लोराइड ३, म्हणजे ५.१६, १.१३, ०.६२, ०.१६ आणि ०.१६. बेरीज पुन्हा ७.२३. ताळा जुळला.

आता समजा प्रयोगशाळेने 'अल्कलिनिटी २५८, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात' असं कळवलं आणि तुम्ही ते २५८ तसंच्या तसं बायकार्बोनेटच्या रकान्यात टाकलं. ऋण बाजू घसरून ६.३० वर येते आणि चूक जवळपास ७ टक्के होते. सगळ्या नमुन्यांत धन बाजूच जड दिसत असेल तर पहिला संशय इथे घ्या. २५८ ला १.२२ ने गुणलं की ३१५ परत मिळतात. नायट्रेटचंही तसंच. काही अहवाल ते नायट्रोजनच्या रूपात देतात. त्यातला १० हा आकडा प्रत्यक्षात ४४ च्या पुढे जातो आणि भारतीय मानकाची मर्यादा आहे ४५. म्हणजे 'एकदम चांगलं' वाटलेलं पाणी काठावरचं निघतं.

उलट, सगळ्या नमुन्यांची चूक शून्य येत असेल तर आनंदून जाऊ नका. बहुधा सोडियम मोजलेलंच नाही, वजाबाकी करून भरलेलं आहे. त्या ताळ्याने काहीच सिद्ध होत नाही.

एक दोष मात्र या चाळणीतूनही निसटतो. बाटलीत चुना खाली बसला तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सारख्याच प्रमाणात घटतात, ताळा जुळलेलाच राहतो. तो पकडायचा तर विहिरीवरचा ईसी आणि प्रयोगशाळेतला ईसी शेजारी ठेवून पाहा. ढोबळमानाने धन आयनांची बेरीज गुणिले शंभर म्हणजे ईसी. वरच्या पाण्याचा ईसी ७२० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास यायला हवा.

निर्देशांकावर आंधळा विश्वास

वरचंच पाणी घ्या. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४२०, कठिणता १२०, पीएच ७.८. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक घटकाला महत्त्वानुसार भार देऊ: टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइडला प्रत्येकी ५, पीएच आणि सल्फेटला ४, क्लोराइड आणि कठिणतेला ३, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला २. प्रत्येक घटकाची मानकाशी टक्केवारी काढून भाराने गुणलं, बेरजेला ३३ ने भागलं की निर्देशांक येतो ८६. शंभराच्या आत असल्याने वर्ग 'चांगले'. नकाशावर हिरवा ठिपका.

या पाण्यात फ्लोराइड ३ मि.ग्रॅ. आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार स्वीकार्य मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. म्हणजे कमाल मर्यादेच्या दुप्पट, मुलांचे दात किडल्यासारखे पिवळे-तपकिरी करणारं पाणी, आणि आपण त्याला हिरवा रंग दिला. सरासरी काढली की बाकीच्या आठ घटकांच्या चांगुलपणाखाली नववा झाकला जातो. निर्देशांक काढायचाच असेल तर आधी नियम ठेवा: फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांपैकी एकही मर्यादेबाहेर गेला की नमुना 'पिण्यास अयोग्य', मग निर्देशांक काहीही येवो. खरं सांगायचं तर निर्देशांकाऐवजी 'कोणत्या स्रोतात कोणता घटक मर्यादेबाहेर' एवढा साधा तक्ता ग्रामपंचायतीला जास्त उपयोगी पडतो.

याच कारणाने हातातल्या टीडीएस मीटरवर पाणी पास करू नका. फ्लोराइडवालं पाणी बऱ्याचदा मऊ आणि चवीला गोडं असतं. कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइड विरघळलेलं टिकून राहतं, म्हणून असं होतं. लोक त्या बोअरला पसंती देतात ते चवीवरून.

संख्याशास्त्राचा देखावा

टीडीएस आणि ईसी यांचा सहसंबंध ०.९९ निघाला, हा निष्कर्ष म्हणून छापू नये. बहुतेक वेळा टीडीएस हा ईसीला ०.६४ वगैरेने गुणूनच काढलेला असतो. १४ घटकांच्या तक्त्यात ९१ जोड्या होतात. ५ टक्के पातळीवर त्यातल्या चार-पाच निव्वळ योगायोगानेही 'लक्षणीय' दिसतात. त्यामुळे जोडी सापडली की तिच्यामागे खडकातलं किंवा शेतातलं कारण सांगता येतं का ते बघा. कॅल्शियम-फ्लोराइडचा उणा सहसंबंध असा कारणासकट येतो. पीएच आणि सल्फेटची जोडी का जुळली हे सांगता आलं नाही तर ती सोडून द्या. पंधरा नमुन्यांवर प्रमुख घटक विश्लेषण (अनेक घटकांचं मोजक्या मिश्र घटकांत रूपांतर करणारी पद्धत) करू नका, एवढंच.

सरासरीबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. अकोला जिल्ह्याचे सगळे नमुने एकत्र करून ईसीची सरासरी काढली तर जो आकडा मिळेल तो बहुधा कुठल्याच विहिरीचा नसेल. पूर्णेच्या गाळातलं खारं पाणी आणि बाजूच्या बेसाल्टमधलं गोडं पाणी हे दोन वेगळे गट आहेत. स्तंभालेख काढला तर दोन उंचवटे दिसतील. आधी भूस्तरानुसार गट पाडा, मग प्रत्येकाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) द्या. 'आढळले नाही' च्या जागी शून्य भरू नका, शोधमर्यादा (उपकरणाला ओळखता येणारं किमान प्रमाण) लिहा. आणि खारपाणपट्ट्यातल्या क्षारांना 'प्रदूषण' म्हणून मोकळे होऊ नका. ते तिथल्या गाळाच्या थरांतले नैसर्गिक क्षार आहेत. कारखाना शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

नकाशावरचे घोळ

ठिपके भलतीकडे पडत असतील तर आधी अक्षांश तपासा. २० अंश ३० मिनिटं हे २०.३० असं लिहिलं गेलं असेल, हवं होतं २०.५०. चूक सुमारे २२ किलोमीटरची! गाव तालुक्याबाहेर जातं आणि जिल्ह्यात मात्र राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

दुसरी भानगड प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीची. अंतरावर आधारलेलं कुठलंही गणित अंशांमध्ये करू नका, मीटरमध्ये करा. त्यासाठी यूटीएम ही मीटरमधली, पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडणारी पद्धत घेतात, पण झोन ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे आणि ती यवतमाळ जिल्ह्यातून जाते. पुसद ४३ मध्ये, यवतमाळ शहर आणि पांढरकवडा ४४ मध्ये. अर्धे ठिपके एका झोनमध्ये आणि अर्धे दुसऱ्यात ठेवलेत तर जिल्हा दुभंगतो. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच झोन धरा.

आता आयडीडब्ल्यू, म्हणजे जवळच्या ठिपक्यांना जास्त वजन देऊन मधल्या जागांचे आकडे भरणं. या पद्धतीचा गाजावाजा फार आहे. प्रत्येक ठिपक्याभोवती गोल वलयं दिसू लागली की समजावं, नकाशा पाण्याबद्दल काही सांगत नाही, नमुने कुठे घेतले तेवढंच सांगतोय. गाळाच्या सलग थरात, पुरेसे ठिपके असतील तर ईसीचा रंगीत पृष्ठभाग काढणं एक वेळ चालेल. बेसाल्ट, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात फ्लोराइड भेगेगणिक बदलतं. तिथे दोन बोअरींच्या मधल्या गावाला रंग देणं म्हणजे अंदाजपंचे. मधले आकडे भरण्याची दुसरी पद्धत, क्रिगिंग, हिलाही तीस-पन्नास ठिपक्यांशिवाय भरवशाचा व्हेरिओग्राम (अंतरानुसार फरक कसा वाढतो याचा आलेख) मिळत नाही. अशा ठिकाणी सरळ ठिपक्यांचा नकाशा छापा, आकार किंवा रंग प्रमाणानुसार. ठिपक्यांच्या बाहेरचा, जिल्ह्याच्या सीमेपर्यंतचा भाग पांढराच राहू द्या. रंगांच्या पायऱ्या सॉफ्टवेअरच्या 'नॅचरल ब्रेक्स'वर (आकड्यांच्या विखुरणीवरून आपोआप पडणाऱ्या गटांवर) सोडू नका. फ्लोराइडसाठी १.० आणि १.५ या रेषा नकाशावर दिसल्याच पाहिजेत.

मे आणि ऑक्टोबरच्या नकाशांची तुलना करताना दोन्ही वेळा त्याच विहिरी घेतल्यात ना, हे बघा. मे मधल्या आटलेल्या विहिरी गाळल्या आणि ऑक्टोबरमध्ये परत घेतल्या तर दिसणारा फरक ऋतूचा नसून यादीचा असतो. पावसाने सगळं पातळ होतं असंही गृहीत धरू नका, नायट्रेट झिरपून वाढू शकतं.

पाणी किती, या प्रश्नातली चूक

पातळीची नोंद कठड्यावरून घेता, त्यामुळे कठड्याची उंची वजा करा. शेजारचा पंप चालू असताना मोजू नका. समपातळी रेषा काढताना जमिनीखालची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची वापरा. नाहीतर पाणी टेकडीकडे वाहताना दिसतं. त्यासाठी उपग्रहावरून आलेली भूउंची घेतली तर तिच्यातली चूक काही मीटरची असू शकते आणि सपाट गाळाच्या प्रदेशात तेवढ्याने प्रवाहाची दिशा उलटते.

साठ्याचा हिशेब सोपा दिसतो: क्षेत्र गुणिले पातळीतली वाढ गुणिले विशिष्ट उत्पाद (खडकाच्या घनफळातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण). झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी भूजल अंदाज समितीची शिफारस २ टक्के, पल्ला १ ते ३. शंभर चौरस किलोमीटर पाणलोटात पावसाळ्यानंतर पातळी ४ मीटर चढली, तर २ टक्क्यांनी ८ दशलक्ष घनमीटर. १ ने ४ आणि ३ ने १२. आता उपसा ७ दशलक्ष घनमीटर धरा आणि बाकीच्या बाबी बाजूला ठेवा. ३ टक्क्यांनी तोच पाणलोट (उपसा भागिले साठ्यातली वाढ) ५८ टक्क्यांवर, 'सुरक्षित'. २ ने ८८ टक्क्यांवर, 'अंशतः शोषित'. १ ने १७५ टक्क्यांवर, 'अतिशोषित'. विहिरींचं पाणी तेवढंच, फक्त एक आकडा बदलला. त्यामुळे अहवालात विशिष्ट उत्पाद कुठून घेतला, पंपिंग चाचणीवरून की पुस्तकातून, हे लिहा आणि खालचं-वरचं टोक धरून दोन्ही उत्तरं छापा.