पायावरील सूज आणि पट्टीचा दाब : जैवयांत्रिकीत पीएच.डी. सुरू करणाऱ्यांसाठी

सुजलेल्या पायांवरील दाबचिकित्सेच्या, म्हणजे घट्ट पट्टी बांधून करायच्या उपचाराच्या, जैवयांत्रिकीत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की संगणकावर पायाचे प्रतिमान उभे करण्याआधी काही आठवडे स्वतःच्या हाताने पट्ट्या बांधाव्यात. मी हे उशिरा केले. पहिले वर्षभर माझी सारी भिस्त लाप्लासच्या नियमावर होती : पट्टीचा ताण जितका जास्त आणि पायाची त्रिज्या जितकी लहान, तितका दाब अधिक, शिवाय प्रत्येक वेढ्यागणिक त्यात भर. नियम खराच आहे. परंतु पाय काही गोल नळी नव्हे. नडगीच्या कडेवर वक्रता तीव्र असल्याने दाब तिथे एकवटतो, तर घोट्यामागच्या खोलगट जागी पट्टी त्वचेला जेमतेम टेकते. त्या खळग्यात फोमची घडी का ठेवतात, हे एका अनुभवी परिचारिकेला पट्टी बांधताना पाहिले तेव्हा मला उमगले.

मोजमापात फार काळजी लागते. दाब मोजण्यासाठी पट्टीखाली ठेवलेल्या संवेदकाची स्वतःची जाडी त्या जागेची वक्रता बदलते, आणि सूज ओसरू लागली की पायाचा घेर घटून काही तासांतच दाब उतरतो. म्हणून संवेदकाची जागा, रुग्णाची स्थिती आणि पट्टी बांधल्याची वेळ प्रत्येक वाचनासोबत नोंदवावी. उभ्या आणि झोपलेल्या स्थितींतील दाबांचा फरक, म्हणजे स्थिर कडकपणा निर्देशांक, १० मिमी पाऱ्याहून अधिक असल्यास पट्टी कडक मानतात. माझ्या मते हा फरक झोपलेल्या स्थितीतील दाबापेक्षा अधिक बोलका आहे. स्तब्ध उभे असताना घोट्यापाशी शिरेतील दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो आणि निरोगी पायात चालताना पोटरीच्या स्नायूंमुळे तो बराच उतरतो. कमी ताणली जाणारी पट्टी आकुंचन पावणाऱ्या पोटरीला बाहेरून अडवते आणि स्नायूंच्या या पंपाला बळ देते.

प्रतिमानातील सर्वाधिक वेळ ऊतींचे गुणधर्म ठरवण्यात जातो. पट्टीसह आणि पट्टीविना घेतलेल्या एमआरआय प्रतिमांमधील बदल गणिताशी जुळेपर्यंत चरबी व स्नायू यांची मूल्ये पुन्हा पुन्हा सुधारावी लागतात. बोटाने दाबल्यावर सुजेत खळगा राहतो, कारण द्रव सावकाश सरकतो; तो सरकणे दाखवायचे असेल तर निव्वळ लवचिक प्रतिमान पुरत नाही.

स्वयंसेवकाला पहिली पट्टी बांधण्याआधी घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर तपासून घ्यावे. धमनीतील प्रवाह आधीच तुटपुंजा असेल, तर बाहेरचा दाब त्या पायाला इजा करू शकतो.