शेवटच्या टोपल्या चालू आहेत, प्लॉट आवरायचा कसा

मंडळी, मार्च अर्धा सरला, आमच्या मुळशीकडं विहिरीचं पाणी रोज एकेक पायरी खाली चाललंय आणि ज्यांची आठवड्याची भाजीची टोपली घरोघर जाते त्या सगळ्यांना आता एकच घोर असणार, की आगाऊ पैसे भरलेल्या कुटुंबांना अजून दोन-तीन आठवडे भाजी पुरवायची कशी. माझं म्हणणं एवढंच, टोपली भरायची म्हणून रोगट प्लॉट ओढत बसू नका. मी एकदा बसलो. टोमॅटोचा शेंडा गोळा झालेला, पान हलवलं की पांढरी माशी उडायची, तरी चार किलो माल निघतोय म्हणून झाडं ठेवली आणि शेजारची नवीन मिरची अख्खी बोकड्यात, म्हणजे पानं आकसायच्या रोगात गेली. अजून आठवलं की जीव हळहळतो.

तर अशी झाडं सकाळी गारव्यात उपटा, माशी तेव्हा सुस्त असते, लगेच पोत्यात भरा आणि लांब खड्ड्यात पुरा, बांधावर ढीग घालू नका. उपटताना मुळं झटकून नीट बघा. घेवड्याच्या मुळावरच्या गाठी नखानं सुटून येतात, त्या चांगल्या, त्या जमिनीला नत्र देतात. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळाला गाठी असतील आणि त्या सुटतच नसतील, म्हणजे मूळच सुजलंय, तर ते सूत्रकृमी आहेत, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. त्या वाफ्यात पुढच्या सीझनला परत टोमॅटो-वांगं-भेंडी-काकडी नको, झेंडू लावा. आणि एप्रिल-मे मधे तो वाफा आधी भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, २५ ते ५० मायक्रॉनचं, कडा मातीत दाबून ४ ते ६ आठवडे ठेवा, काळं प्लास्टिक तेवढी जमीन तापवत नाही.

बियाणं धरणारे बरेच जण इथंच चुकतात. शेवटी उरलेलं बारकं फळ बियाला ठेवतात, खरं तर भर बहारातल्या निरोगी झाडाला लाल सुतळी बांधून ठेवायची असते. अजून एखादं असं झाड असेल तर आजच बांधा. टोमॅटोचा गर बियांसकट काचेच्या बरणीत १-२ दिवस ठेवा, वर पांढरी साय धरली आणि आंबूस वास आला की पाणी घालून धुवा, तरंगेल ते फेका, तळाला बसेल ते बी सावलीत ताटलीत वाळवा, कागदावर चिकटून बसतं. हायब्रीडचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही.

टोपलीत काय द्यायचं म्हणाल तर फुलावर गेलेला मुळा उपटू नका, डिंगऱ्या म्हणजे मुळ्याच्या शेंगा येऊ द्या, त्याची भाजी शहरातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं झालेली नसते. कोथिंबिरीचे हिरवे धणे द्या, निरोगी झाडाचे कच्चे टोमॅटो चटणीला द्या, सोबत कशी करायची ते दोन ओळीत लिहून द्या, लोक आवडीनं करतात. आणि शेवटची टोपली कधी ते निदान दोन आठवडे आधी कळवा, कारण सांगून कळवा. विहीर दाखवायला एका रविवारी बोलवा, पोराबाळांना घेऊन शिवारफेरी करा. पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढच्या हंगामाचे पैसे भरताना कां-कू करत नाही, हा माझा अनुभव आहे.

ड्रिपच्या नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईस्तोवर धुवा, गुंडाळून उंदरांपासून लांब टांगा. बांबू सावलीत उंचावर रचा, जमिनीवर टेकले तर वाळवी लागते. माती परीक्षणाचं सॅम्पल पण आत्ताच, खत टाकायच्या आधी, ८-१० ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो.

आणि हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचाचं बी आत्ताच सांगून ठेवा, जूनमधे ऐनवेळी पळापळ होते. पहिल्या पावसावर पेरून दीड महिन्यात, फुलोऱ्याला आला की गाडायचाय.